भूल आणि इम्प्लांट : रत्नागिरीच्या दंतवैद्यांसाठी एक प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याला दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कोणती कृती करावी लागते, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे : भुलीचे इंजेक्शन. आणि रुग्ण आजकाल स्वतःहून कोणत्या उपचाराची चौकशी करतात, असे विचारले तर उत्तर येते : इम्प्लांट. पहिली कृती आपण पदवीच्या काळापासून करत आलो आहोत. हाताला ती इतकी सवयीची झाली आहे की तिच्याविषयी नव्याने वाचावे असे सहसा मनात येत नाही. दुसरी आपल्यापैकी बहुतेकांनी पदवी घेतल्यानंतर, शनिवार-रविवारच्या कार्यशाळांमधून, तुकड्यातुकड्याने शिकली. एक विषय फार ओळखीचा म्हणून दुर्लक्षित राहिला, दुसरा फार नवा म्हणून अर्धवट राहिला. हे दोन्ही विषय एकत्र आणि मुळापासून अभ्यासावेत, आणि ते कोकणातल्या रुग्णाला समोर ठेवून अभ्यासावेत, हा या अभ्यासमालेचा हेतू आहे.

एकत्र का, हे आधी सांगायला हवे. सुई असो की ड्रिल, दोन्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात जातात, आणि दोन्हींना वाट दाखवते ती शरीररचनेची पक्की जाण. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने हाडात शिरणारी आणि हनुवटीजवळच्या मेंटल छिद्रातून फांदी बाहेर सोडणारी इन्फिरिअर अल्व्हिओलर नस घ्या. त्या नसेपर्यंत अचूक पोचण्याची विद्या म्हणजे खालच्या जबड्याचा ब्लॉक. त्याच नसेपासून अचूक अंतर राखण्याची विद्या म्हणजे खालच्या दाढेच्या जागी बसवायचे इम्प्लांट. ज्याला पहिली नीट येते त्याच्या मनात दुसरीचा नकाशा निम्मा तयार असतो. शिवाय दोन्हींची सुरुवात खुर्चीवर नसून त्याआधीच्या पाच-दहा मिनिटांच्या बोलण्यात असते. रुग्णाचे वजन किती, रक्तदाबाची गोळी कोणती, साखर किती, तंबाखू किती, पूर्वी कधी भूल चढली नव्हती का, हे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत.

या दोन्ही शास्त्रांचा इतिहास थोडक्यात पाहिला तरी एक गोष्ट लक्षात येते. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरून स्थानिक भूल शक्य आहे हे दाखवले, आणि लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याची नस बधिर करून पाहिली. कोकेनचे व्यसन जडते हे स्वतः हॉल्स्टेड यांच्याच आयुष्याने जगाला शिकवले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन तयार केले आणि हाइनरिश ब्राउन यांनी भुलीत अ‍ॅड्रेनॅलिन मिसळण्याची पद्धत रुळवली. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी बेंग्ट लुंडक्विस्ट यांच्यासह लिडोकेन तयार केले. त्याच्या परिणामाच्या चाचण्या लुंडक्विस्ट यांनी स्वतःच्या शरीरावर घेतल्या. १९४८ मध्ये ते बाजारात आले, आणि आपण ज्याला लिग्नोकेन म्हणतो ते हेच औषध आज पाऊणशे वर्षांनंतरही आपल्या ट्रेमध्ये आहे.

इम्प्लांटचा उगमही स्वीडनमधलाच. १९५२ मध्ये लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोग संपल्यावर निघेना. हाड तिला घट्ट धरून बसले होते. दाताचा विचार त्या प्रयोगात कुठेच नव्हता. पण त्यांनी ही अडचण बाजूला न सारता तिचाच अभ्यास केला, आणि १९६५ मध्ये योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी ते वापरले. तरीही दंतवैद्यकाच्या जगाने ही पद्धत मनापासून स्वीकारली ती १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतर, कारण तोवर ब्रोनेमार्क यांच्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या रुग्णांच्या नोंदी साठल्या होत्या. आधी कुतूहल, मग संयम, आणि शेवटी सांभाळून ठेवलेली नोंद, या क्रमाने हे शास्त्र उभे राहिले. आपल्याकडच्या पुढील शिक्षणात पहिल्या दोन गोष्टींवर थोडेफार बोलले जाते. तिसरीवर जवळजवळ नाहीच, आणि या मालेचा सगळा भर तिच्यावरच आहे.

नोंद ठेवणे हे मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांचे काम, असा समज असेल तर कोकणाकडेच पाहावे. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हृदयाची लय यांच्या तासातासाच्या नोंदी केल्या, त्या ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आणल्या, आणि प्रॅझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने विंचूदंशाच्या उपचाराची दिशा बदलली. जगाने ही गोष्ट महाडकडून शिकली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आपल्यासाठी त्यांचा खरा ठेवा म्हणजे ती पद्धत : जो आजार आपल्या दारात येतो तो आपण नीट पाहायचा, लिहायचा आणि पुढच्याला सांगायचा.

विंचवाचा हा विषय दंतवैद्याच्या खुर्चीपासून वाटतो तितका दूर नाही. भुलीचे औषध मज्जातंतूच्या आवरणातले सोडियमचे मार्ग बंद करते; विंचवाच्या विषाचा हल्लाही मुख्यतः याच मार्गांवर असतो. २०१२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशिया’मध्ये महाराष्ट्रातल्या भूलतज्ज्ञांनी एक निरीक्षण मांडले : पूर्वी अनेकदा विंचू चावलेल्या रुग्णात मणक्यात दिलेली भूल चढली नाही. त्यानंतर दंतवैद्यांनीही असे अनुभव मांडले आहेत. हे अजून सिद्ध झालेले तत्त्व नाही. कारण शोधण्याचे काम चालू आहे. पण बागेत, दगडी गडग्यांवर आणि लाकडाच्या राशीत हात घालून काम करणारा रुग्ण ज्या जिल्ह्यात रोज समोर येतो, तिथे “कधी विंचू चावला होता का, किती वेळा?” हा प्रश्न केसपेपरवर असायला काय हरकत आहे? ज्या दिवशी एका रुग्णात नीट दिलेला ब्लॉक दोनदा चुकतो त्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवलेले असेल, तर आपण त्या शास्त्रात एका विटेची भर घातली असे होईल.

कोकणातला दुसरा प्रश्न सुपारीचा. दापोलीपासून राजापूरपर्यंत माड-पोफळीच्या बागा ही आपली ओळख आहे, पण सुपारी चघळण्याची किंमत तोंडाच्या आतली त्वचा मोजते. ती पांढरी, ताठ होत जाते, गालात दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवला आणि १९५३ मध्ये मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले, तेच आज जगभर चालते. म्हणजे या आजाराचे आजचे नाव महाराष्ट्रातूनच आले आहे. सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक आहे असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; आपल्या खुर्चीवरची उघडत नसलेली तोंडे मात्र सांगतात की काम अजून बाकी आहे.

अशा रुग्णाला नेहमीचा खालच्या जबड्याचा ब्लॉक देणे कठीण, कारण त्या पद्धतीला तोंड पूर्ण उघडावे लागते. १९६० मध्ये वझिरानी यांनी आणि १९७७ मध्ये अकिनोसी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तोंड मिटलेले असताना देण्याचा ब्लॉक वर्णन केला. दात एकमेकांवर टेकलेले, सुई वरच्या दाढांच्या हिरडीच्या पातळीला समांतर, वरच्या जबड्याच्या मागच्या उंचवट्याच्या आणि खालच्या जबड्याच्या उभ्या भागाच्या मधून आत. हाडाला स्पर्श होत नाही, त्यामुळे खोलीचा अंदाज मनात पक्का असावा लागतो. पाठ्यपुस्तकात हा ब्लॉक अपवाद म्हणून एका पानात उरकलेला असतो. रत्नागिरीच्या दंतवैद्याने मात्र तो नेहमीच्या कामाचा भाग म्हणून शिकावा, असे आमचे ठाम मत आहे. त्याबरोबर ऑस्ट्रेलियाच्या गो-गेट्स यांनी १९७३ मध्ये मांडलेली, वरच्या पातळीवरून नसेच्या मूळ खोडाला गाठणारी पद्धतही शिकावी. तिला तोंड मोठे उघडावे लागते, म्हणून या दोन पद्धती एकमेकींना पूरक ठरतात. नेहमीचा ब्लॉक शंभरात साधारण पंधरा-वीस वेळा फसतो असे सर्वत्र शिकवले जाते. तेव्हा फसल्यावर तीच सुई त्याच जागी पुन्हा टोचण्याऐवजी दुसरा मार्ग हाताशी असणे, हीच प्रगत भुलीची खरी व्याख्या आहे.

भूल का फसते याची रसायनशास्त्रीय बाजूही या मालेत सविस्तर येईल. लिग्नोकेनचा पीकेए ७.९ आहे. निरोगी ऊतकात, म्हणजे ७.४ च्या सामूवर, औषधाचा साधारण चौथा हिस्सा नसेच्या आवरणातून आत जाऊ शकेल अशा रूपात असतो. गळू झालेल्या जागी सामू ६.४ पर्यंत उतरला तर तोच हिस्सा शेकडा तीनवर येतो. दाढ ठणकत असताना, गाल सुजलेला असताना सुजेतच सुई घालून भूल का चढत नाही, याचे मोठे कारण या दोन आकड्यांत आहे. सुजेपासून दूर, निरोगी भागात ब्लॉक देण्याचा आग्रह यासाठीच.

मात्रेचा हिशेब हा या मालेतला सर्वांत रुक्ष आणि सर्वांत आवश्यक भाग. दोन टक्के लिग्नोकेनच्या दर मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते, १.८ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनॅलिनसह किलोमागे ७ मिलिग्रॅम आणि अ‍ॅड्रेनॅलिनशिवाय किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, या सर्वसाधारणपणे शिकवल्या जाणाऱ्या मर्यादा. आपल्याकडची पंचेचाळीस किलो वजनाची आजी घेतली तर अ‍ॅड्रेनॅलिनसह मर्यादा ३१५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे पावणेसोळा मिलिलिटर. साध्या औषधाची मर्यादा दहा मिलिलिटरहून किंचित कमी. पंधरा किलोच्या मुलाला साधे औषध सव्वातीन मिलिलिटरच्या आसपासच. दोन कार्ट्रिजसुद्धा पूर्ण नाहीत. आणि हृदयरोगी रुग्णात अ‍ॅड्रेनॅलिन एका वेळी ४० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये, हा नियम १:८०,००० च्या मिश्रणाला लावला तर हाती येतात ३.२ मिलिलिटर. आपल्याकडे तीस मिलिलिटरची बाटली सर्रास वापरली जाते. तिच्यातून सिरिंज भरताना किती गेले याचा अंदाज सहज सुटतो. म्हणून वजन आणि दिलेले मिलिलिटर हे दोन आकडे प्रत्येक केसपेपरवर असलेच पाहिजेत, असा आमचा आग्रह आहे.

औषधाच्या बाटलीची काळजी हाही इथल्या हवेचा प्रश्न आहे. अ‍ॅड्रेनॅलिन उजेडाने आणि उष्णतेने बिघडते. मिश्रण थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे लागते. मे महिन्यात तापलेल्या गाडीतून आलेले पार्सल, पावसाळ्यात तासन्‌तास गेलेली वीज, हे सगळे त्या बाटलीवर परिणाम करते. रंग पिवळसर झालेले औषध टाकून द्यायचे, एवढा साधा नियम पाळला तरी ‘भूल चढत नाही’ अशा काही तक्रारींचे उत्तर मिळून जाईल.

संकटाची तयारी मोठ्या शहरापेक्षा इथे अधिक लागते. घेरी येणे ही सर्वांत नेहमीची घटना, आणि ती रुग्णाला आडवे झोपवून, पाय वर करून बहुधा निभावते. पण औषध थेट रक्तात गेल्याने किंवा मात्रा ओलांडल्याने बडबड, कंप, झटके सुरू झाले तर हातात थोडाच वेळ असतो. प्राणवायू, अ‍ॅड्रेनॅलिनचे वेगळे इंजेक्शन आणि जीवनरक्षक प्राथमिक उपचारांचा सराव हे प्रत्येक दवाखान्यात असावे. भुलीच्या औषधाच्या अशा विषबाधेवर शिरेतून द्यायच्या वीस टक्क्यांच्या स्निग्ध द्रावणाचा किलोमागे १.५ मिलिलिटर हा पहिला डोस कुठे आणि किती वेळात मिळू शकेल, हे आधीच ठरवून ठेवावे. रत्नागिरी शहरात जिल्हा रुग्णालय आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे. पण मंडणगडच्या किंवा गुहागरच्या दवाखान्यातून तिथवरचा रस्ता लांबचा आणि वळणांचा आहे. तो आपल्या योजनेत मोजायलाच हवा.

आता इम्प्लांटकडे. कोकणात या उपचाराची सर्वांत मोठी गरज कोणाला आहे, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. एक दात गेलेला तरुण रुग्ण आहेच; पण खरी गरज आहे ती खालची कवळी सैल झालेल्या वृद्धांची. मुले मुंबईला, घरात आजी-आजोबा दोघेच, जबडा झिजलेला, जेवताना कवळी हलते म्हणून भाकरी सुटलेली, भात आणि पेजेवर दिवस काढणारे असे रुग्ण आपण सगळेच पाहतो. २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत मांडले की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली शिफारस साधी कवळी नसून दोन इम्प्लांटवर टेकलेली कवळी असावी. हनुवटीजवळच्या, मेंटल छिद्रांच्या दरम्यानच्या भागात बहुधा हाड चांगले असते आणि मुख्य नस मागे राहते. म्हणून शिकणाऱ्यानेही इथूनच सुरुवात करावी. मात्र जिभेच्या बाजूचे हाड भेदून ड्रिल बाहेर गेले तर तोंडाच्या तळाशी रक्तस्राव होऊन श्वास अडू शकतो, हे भान पहिल्या दिवसापासून हवे.

इम्प्लांटच्या तंत्रातले काही आकडे पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावेत. ४७ अंशांवर एक मिनिट तापलेले हाड मरू लागते, हे १९८३ मध्ये एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांवर दाखवले. धारदार ड्रिल, बेताचा वेग आणि भरपूर सलाईन यांचा सगळा आग्रह त्या एका मिनिटासाठी आहे. नसेपासून २ मिलिमीटर अंतर राखण्याचा नियम मोजणीतल्या चुकीला जागा ठेवण्यासाठी आहे. ड्रिलचे टोक त्याच्यावर लिहिलेल्या लांबीपेक्षा थोडे पुढे जाते, हे विसरले की तो नियम मोडतो. ओपीजीवर उंची दिसते, रुंदी दिसत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या कोन बीम सीटीने ही उणीव भरून काढली. प्रत्येक रुग्णाला तो लागतोच असे नाही, पण नस किंवा सायनस जवळ असेल तर त्याशिवाय पुढे जाऊ नये.

भूल आणि इम्प्लांट एकमेकांना भेटतात त्या जागी एक जुना वाद आहे, आणि तो या मालेत मोकळेपणाने मांडला जाईल. मागच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवताना काही जण पूर्ण ब्लॉक न देता फक्त हिरडीभोवती भूल देतात. ड्रिल नसेजवळ गेले तर रुग्णाला कळेल आणि तो सांगेल, अशी त्यांची भूमिका. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की हा इशारा भरवशाचा नाही. सुरक्षितता रुग्णाच्या वेदनेवर नव्हे तर शस्त्रक्रियेआधीच्या मोजणीवर टेकलेली असावी. आमचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पण पहिल्या बाजूची कारणे समजून घेतल्याशिवाय कोणताही विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळू नये.

रुग्ण निवडताना इथले वास्तव पुन्हा समोर येते. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरणे रेंगाळते. तंबाखू आणि मशेरी चालू असेल तर इम्प्लांटभोवतीची हिरडी आणि हाड धोक्यात राहते. हाडांच्या ठिसूळपणावरच्या काही औषधांनी जबड्याचे हाड मरू शकते, हे २००३ पासून वैद्यक जगताला ठाऊक आहे. म्हणून वृद्ध रुग्णांच्या गोळ्यांची पिशवी उघडून पाहणे हा तपासणीचाच भाग.

आणि वेळेचा प्रश्न तर खास कोकणी आहे. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो, आणि दहा दिवसांत सगळे दात करून द्या म्हणतो. ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबत. इम्प्लांटचे पृष्ठभाग सुधारल्याने हा काळ कमी झाला असला तरी तो शून्य झालेला नाही. उपचारांचे टप्पे या येण्याजाण्याशी जुळवून आखता येतात : गणपतीत तपासणी आणि इम्प्लांट, शिमग्याला वरचा दात. मात्र पुढची देखभाल कदाचित मुंबईच्या दवाखान्यात होईल. तिथल्या सहकाऱ्याला कोणत्या कंपनीचे, किती व्यासाचे आणि लांबीचे इम्प्लांट आहे हे कळले नाही तर एक साधा स्क्रूही कसता येत नाही. म्हणून कंपनी, माप, लॉट क्रमांक आणि तारीख लिहिलेले कार्ड रुग्णाच्या हाती द्यावे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या महापुरात किती कागद वाहून गेले ते आपण पाहिले. नोंद एकाच कपाटात ठेवणे पुरेसे नाही, हा त्या पुराचा धडा आपल्या व्यवसायालाही लागू आहे.

पुढील शिक्षणाच्या व्यवस्थेविषयी दोन शब्द. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली, आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. पुढील शिक्षणाचे गुण मिळवून नोंदणी चालू ठेवणे आता आपल्या व्यवसायाचा भाग झाला आहे. पण गुण मिळणे आणि शिकणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पदव्युत्तर दंतवैद्यकाच्या नऊ शाखांत इम्प्लांट ही स्वतंत्र शाखा नाही. ती शस्त्रक्रिया, हिरड्या आणि कृत्रिम दात या शाखांमध्ये विभागलेली आहे. त्यामुळे पदवीधर दंतवैद्य ती शिकतो ते बहुधा कंपन्यांच्या आधाराने चालणाऱ्या लघुअभ्यासक्रमांत. त्यांत चांगले शिक्षक भेटतात, यात शंका नाही. पण अभ्यासक्रम निवडताना चार प्रश्न विचारावेत : फसलेल्या केसेस दाखवल्या जातात का? बकऱ्याच्या जबड्यावर किंवा मॉडेलवर सराव आहे का? पहिल्या रुग्णावर काम करताना शेजारी शिक्षक उभा असतो का? आणि वर्षभरानंतर तो रुग्ण कसा आहे, हे कोणी विचारते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तो अभ्यासक्रम दूरचा असला तरी करावा.

जवळचे आधारही आहेत. खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे. कराड, सांगली, पुणे, मुंबई येथील महाविद्यालये एका दिवसाच्या प्रवासात आहेत. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने मुंबई खूप जवळ आणली. पण सर्वांत जवळचा आधार म्हणजे शेजारच्या तालुक्यातला सहकारी. महिन्यातून एकदा चार-पाच दंतवैद्यांनी बसून प्रत्येकाने आपली एक अवघड केस, एक्स-रेसह, मोकळेपणाने मांडावी, एवढ्याने जे शिकता येते ते कुठल्याही मोठ्या सभागृहात मिळत नाही. स्पर्धेची भीती ही त्यातली खरी अडचण आहे. ती ओलांडणाऱ्यांना ही माला पहिल्यापासून सोबत करील.

मालेची रचना अशी आहे. पहिल्या भागात शरीररचना आणि भूल, दुसऱ्या भागात रुग्णाची निवड आणि योजना, तिसऱ्या भागात इम्प्लांटचे तंत्र, चौथ्या भागात देखभाल आणि संकटे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे : रुग्णाचे वजन, दिलेली मात्रा, वापरलेली पद्धत, यश की अपयश, विंचूदंशाचा इतिहास, तोंड किती मिलिमीटर उघडते, इम्प्लांटचे माप, आणि सहा महिन्यांनी व वर्षाने पुन्हा पाहिल्याची तारीख. नवोदितांनी पहिला भाग घाईने ओलांडू नये आणि अनुभवी सहकाऱ्यांनी तो ‘माहीत आहे’ म्हणून सोडू नये.

ही प्रकरणे तयार करताना ज्या शिक्षकांनी, सहकाऱ्यांनी आणि दवाखान्यातल्या मदतनीसांनी वेळ दिला त्यांचे ऋण मोठे आहे. त्याहून मोठे ऋण त्या रुग्णांचे, ज्यांनी आपला जबडा आणि आपला विश्वास आमच्या हाती दिला. ते फेडण्याचा मार्ग एकच दिसतो. वाचकांनी हे तक्ते भरावेत, नाव-गाव वगळून आमच्याकडे पाठवावेत, आमच्या चुका आणि मतभेद दाखवून द्यावेत. नऊ तालुक्यांतून आलेल्या अशा काही हजार नोंदी एकत्र झाल्या तर कोकणातल्या जबड्याविषयी, इथल्या भुलीविषयी आणि इथल्या इम्प्लांटविषयी ठामपणे बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळेल, आणि या मालेची पुढची आवृत्ती आपण सर्वांनी मिळून लिहिलेली असेल.